गाडीतला आवाज सापडत नाही? मोबाइलवर रेकॉर्ड करा!

सातारा-सांगलीच्या गाडीप्रेमींनो, ही सोपी पद्धत जरूर करून बघा 👇

🎙️ रेकॉर्डिंग शेजारच्याने करावं, चालकाने नाही. काचा, एसी बंद.

🛣️ पेठ नाका–सांगली रस्त्यावर मोकळ्या टप्प्यात एकच वेग धरा. फोन पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे ठेवून ऐका. आवाज जिथे मोठा, तिथून शोध सुरू करा.

⚙️ वेग तोच ठेवून गिअर बदला. घरघर तशीच राहिली तर बेअरिंग किंवा टायर तपासा. बदलली तर इंजिनाकडे बघा. दोन्हींच्या आवाजाची लयही वेगळी असते: ताशी 60 किमी वेगाला चाक सेकंदाला साधारण 9 फेरे घेतं. 3000 आरपीएमला इंजिन 50.

⛰️ यवतेश्वर घाटात वळताना कटकट? सीव्ही जॉइंट तपासा. स्पीडब्रेकरवर खडखड? बुश, लिंक रॉड बघा.

क्लिप मेकॅनिकला नक्की ऐकवा. विनाकारण पार्ट बदलणं टळेल!