धुळीआडच्या दीर्घिका

मावळता सूर्य तांबूस का दिसतो, हे तुम्ही शिकला आहात. हवेतून येताना निळा प्रकाश अधिक विखुरला जातो, तांबडा बराचसा आपल्यापर्यंत पोचतो. अवकाशातील धूलिकणही दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश असाच तांबूस आणि मंद करतात. मावळत्या सूर्याचा मूळ रंग आपल्याला ठाऊक असतो. दीर्घिकेचा मूळ रंग मात्र कोणी पाहिलेला? मग वाटेत किती धूळ आहे, हे कसे कळावे?

येथे हायड्रोजन मदतीला येतो. काही दीर्घिकांच्या केंद्रात सूर्याच्या लक्षावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात ओढला जाणारा वायू विलक्षण तापतो. त्याच्या प्रखर प्रारणाने भोवतालचा वायूही उजळतो आणि वर्णपटात तेजस्वी रेषा उमटतात. या झाल्या सक्रिय दीर्घिका. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६३ अँगस्ट्रॉमवर, तर निळसर रेषा ४८६१ अँगस्ट्रॉमवर असते. विरळ वायूत तांबडी रेषा निळीच्या सुमारे तिप्पट प्रखर असते. अणूचे नियम सर्वत्र सारखेच!

समजा, एका दीर्घिकेत ती सहापट भरली. म्हणजे तांबड्याच्या मानाने निळा प्रकाश निम्माच पोचला. धूळ आपल्या आकाशगंगेतल्यासारखी मानली, तर तांबड्या रेषेचा सुमारे पाचवा आणि निळीचा अवघा दहावा हिस्सा बाहेर पडतो. हे ध्यानात न घेता निळ्या रेषेवरून तेज काढले, तर ते दहापट कमी भरेल.

धूळ फारच दाट असेल, तर मागचे काहीच दिसत नाही. १९४३ मध्ये कार्ल सीफर्ट यांनी सहा सक्रिय दीर्घिकांचे वर्णपट अभ्यासले. पुढे अशा दीर्घिकांचे दोन प्रकार मानले गेले. पहिल्यात हायड्रोजनच्या रेषा फार रुंद असतात, कारण तेथील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो. दुसऱ्यात फक्त अरुंद रेषा दिसतात. तिमिंगल तारकासमूहातील एम ७७ ही दीर्घिका दुसऱ्या प्रकारची. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा ध्रुवीभूत प्रकाश तपासला, तेव्हा त्यात रुंद रेषा सापडल्या! वेगवान वायू तेथेही होता. दाट धुळीने तो झाकला होता. धुळीच्या वर असलेल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरून त्याचा थोडा प्रकाश आपल्याकडे आला होता. बऱ्याच दीर्घिकांबाबत, 'प्रकार' ठरतो तो आपण कोणत्या बाजूने पाहतो त्यावर.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. वरील उदाहरणातील धूळ दुप्पट केली, म्हणजे तसेच दोन थर एकामागे एक ठेवले, तर प्रत्येक रेषेचा कितवा हिस्सा पोचेल? आणि तांबडी रेषा निळीच्या किती पट भरेल?