दूतावासाच्या भिंतीवर चढलेली मुलं पुढे कुठे गेली?

'आर्गो' पाहिलाय? त्यातला पहिला सीन आठवा. तेहरानमधला अमेरिकेचा दूतावास, बाहेर घोषणा आणि गेटवरून आत उड्या मारणारी पोरं. सिनेमा पुढे निसटलेल्या सहा अमेरिकन लोकांच्या मागे जातो. त्या पोरांचं काय झालं, हे मात्र तो सांगत नाही. खरी स्टोरी तिथेच आहे.

तारीख होती ४ नोव्हेंबर १९७९. आत घुसलेले बहुतेक जण विशीतले, तेहरानच्या इंजिनीअरिंग कॉलेजांमधले. कल्पना इब्राहिम असगरझादेह या विद्यार्थ्याची. बेत होता काही दिवसांच्या ठिय्याचा. पण खोमेनींनी पाठीवर थाप मारली आणि ठिय्या ४४४ दिवस चालला. ५२ अमेरिकन शेवटपर्यंत ओलीस राहिले. दूतावासातल्या लोकांनी घाईघाईत कागदपत्रं मशीनमध्ये घालून त्यांच्या पट्ट्या केल्या होत्या. पोरांनी त्या पट्ट्या जोडून वाचल्या आणि पुस्तकं छापली. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो, त्यापेक्षा हा पेशन्स जरा जास्तच म्हणायचा!

एवढा राग कशाचा? १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेरांनी मिळून पाडलं आणि शाहला पुन्हा घट्ट बसवलं. तेल राष्ट्राच्या मालकीचं करणं हा मोसादेघ यांचा गुन्हा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेहरान विद्यापीठात निदर्शनं करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तो दिवस इराणमध्ये अजून 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळला जातो. १९७९ च्या जानेवारीत शाह देश सोडून गेला, फेब्रुवारीत राजेशाही संपली. पण ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याला उपचारांसाठी आपल्याकडे घेतलं आणि पोरांना वाटलं, झालं, पुन्हा १९५३!

आता खरी गंमत बघा. गंमत म्हणजे शोकांतिकाच. क्रांती एकट्या मौलवींनी केलेली नव्हती. डावे, राष्ट्रवादी, बाजारातले व्यापारी, तेल कामगार, विद्यार्थी असे सगळे रस्त्यावर होते. तेव्हाचे पंतप्रधान मेहदी बाझरगान हे विद्यापीठात शिकवलेले मवाळ इंजिनीअर. पोरं दूतावासात शिरली आणि दोन दिवसांत बाझरगान यांनी राजीनामा दिला. देश अमेरिकाविरोधाच्या लाटेवर असतानाच डिसेंबरमध्ये नवी राज्यघटना मताला टाकली गेली. त्यात एका धर्मगुरूला 'सर्वोच्च नेता' केलं होतं. लष्कर, न्यायव्यवस्था, टीव्ही-रेडिओ सगळं त्याच्या हाताखाली. वर बारा जणांचं 'पालक मंडळ', जे आज ठरवतं की निवडणुकीला कुणी उभं राहायचं. म्हणजे मतदान आहे, पण यादी आधी गाळून येते. पोरांना हवी होती अमेरिकेपासून मुक्ती. त्यांच्या आंदोलनाचा फायदा कुणी घेतला, हे कळायला त्यांना वेळ लागला.

कॉलेजवाल्यांना तर लगेच कळायला हवं होतं. १९८० मध्ये 'सांस्कृतिक क्रांती' आली, विद्यापीठं बंद झाली. एखादं सेमिस्टर नाही, दोन-तीन वर्षं! अभ्यासक्रम 'शुद्ध' करायचे होते. प्राध्यापक काढले, डाव्या विद्यार्थ्यांना हाकललं. आणि यात सामील कोण? दूतावास घेणाऱ्यांच्याच विद्यार्थी संघटना. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत जास्त खुपतो.

मग इराकशी आठ वर्षांचं युद्ध. १९८८ मध्ये तुरुंगांमध्ये हजारो राजकीय कैद्यांना फाशी. १९८९ मध्ये खोमेनी गेले आणि खामेनी आले (नावं सारखी, माणसं वेगळी).

एव्हाना भिंतीवरची मुलं तिशी-चाळिशीत पोचली होती आणि त्यांच्यातले बरेच जण बदलले होते. ओलीस प्रकरणात इंग्रजीतून जगाशी बोलणारी मासूमेह एब्तेकार १९९७ मध्ये सुधारणावादी खातमींच्या सरकारात उपराष्ट्राध्यक्ष झाली. अब्बास आब्दी पत्रकार झाले, 'सलाम' या दैनिकात. १९९८ मध्ये त्यांनी पॅरिसला बॅरी रोझेन यांची भेट घेतली. रोझेन म्हणजे त्यांनीच डांबून ठेवलेल्यांपैकी एक.

'सलाम' हे नाव लक्षात ठेवा. जुलै १९९९ मध्ये सरकारने हा पेपर बंद केला आणि तेहरान विद्यापीठाच्या हॉस्टेलमधली मुलं बाहेर आली. त्या रात्री पोलीस आणि साध्या कपड्यातल्या टोळ्या हॉस्टेलमध्ये घुसल्या. खोल्या फोडल्या, मुलांना झोडपलं, एकाचा जीव गेला. निदर्शनं पाच-सहा दिवस चालली, मग चिरडली गेली. या मुलांनीच खातमींना भरभरून मतं दिली होती. खातमींनी त्यांना वाचवलं नाही.

२००२ मध्ये आब्दी आणि सहकाऱ्यांनी एक सर्व्हे केला. सुमारे तीन चतुर्थांश लोकांना अमेरिकेशी चर्चा हवी, असं त्यात निघालं. त्यांना अटक झाली. तारीख? ४ नोव्हेंबर. दूतावासाच्या ताब्याला २३ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी! त्यांचा त्या दिवसाचा साथीदार मोहसेन मीरदामादी खासदार झाला, संसदेच्या परराष्ट्र समितीचा अध्यक्षही. २००४ मध्ये पालक मंडळाने त्याला उभंच राहू दिलं नाही. २००९ मध्ये 'माझं मत कुठे गेलं?' विचारत लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा तो आत गेला. शिक्षा सहा वर्षांची.

सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी कोठडीत असतानाच गेली. वय २२. माझंही वय तेच, त्यामुळे ती बातमी मला नुसती बातमी म्हणून वाचता आली नाही. मुलींनी स्कार्फ जाळले, केस कापले. २ ऑक्टोबरला सुरक्षा दलांनी शरीफ विद्यापीठाला वेढा घातला, मुलं पार्किंगमध्ये अडकली, पळताना पकडली गेली. १९७९ मध्ये असगरझादेह याच विद्यापीठात शिकत होता.

त्या दिवसांत कॅम्पसवर एक घोषणा फिरत होती: एविन आता विद्यापीठ झालंय. एविन म्हणजे तेहरानचा तुरुंग.