बायोडिझेलवरच्या गाडीचा फिल्टर कधी बदलावा?

डिझेल गाडीत बायोडिझेल भरायला सुरुवात केली की पहिला इंधन फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता बदलावा लागतो. शुद्ध बायोडिझेल किंवा त्याचे मोठे प्रमाण असलेले मिश्रण वापरायचे असेल, तर पहिल्या दोन टाक्या संपल्या की, म्हणजे साधारण हजार-दीड हजार किलोमीटरला. त्यापुढचा हिशोब मात्र नुसत्या मीटरच्या आकड्यावर चालत नाही. गाडीचे वय, तेलाची जात आणि हंगाम या तिन्हींचा त्यात वाटा असतो.

फिल्टर म्हणजे डब्यात बसवलेला, चुण्या घातलेला खास कागद. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, तर या कागदाला पाच-दहा मायक्रॉनचे, काही फिल्टरांत त्याहूनही बारीक कण अडवायचे असतात. पुढे इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक, आणि कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे एखादा कण पोचला तर खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो. साध्या डिझेलवर बहुतेक मोटारींचा फिल्टर २० ते ४० हजार किलोमीटरला बदलतात.

बायोडिझेलवर हे गणित बिघडते, पण त्याचे कारण बायोडिझेलची घाण हे नव्हे. वर्षानुवर्षे डिझेलवर चाललेल्या गाडीच्या टाकीत आणि नळ्यांच्या आत राळेसारखा काळपट थर धरलेला असतो. डिझेलने तो सुटत नाही. बायोडिझेल चांगले द्रावक असल्यामुळे तो थर सोडवते आणि सगळा माल पुढे फिल्टरवर आणून टाकते. पहिला तुंबलेला फिल्टर हा जुन्या डिझेलचाच कचरा असतो. ‘बायोडिझेल टाकले आणि गाडी बंद पडली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते, आणि तिचा दोष नव्या इंधनाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. टाकी धुऊन घेतली असेल किंवा गाडी अगदी नवी असेल, तर हा त्रास फारच कमी होतो.

मिश्रणाचे प्रमाण इथे निर्णायक ठरते. भारतीय मानकानुसार पंपावरच्या साध्या डिझेलमध्येही ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असायला मुभा आहे. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत डिझेलमध्ये सरासरी ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढ्या प्रमाणासाठी फिल्टरची मुदत बदलायची गरज नाही. २० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात जुन्या गाडीचा पहिला फिल्टर तेवढा लवकर काढावा. त्यापुढच्या प्रमाणाला पहिला बदल दोन टाक्यांनंतर, दुसरा पाचेक हजार किलोमीटरला, आणि पुढे पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यावर, हा सावध आणि परवडणारा क्रम आहे. बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत त्याआधी पुस्तिका उघडावी. कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बायोडिझेल भरले तर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

प्रमाणाइतकीच तेलाची जातही महत्त्वाची, आणि तेलाचा विषय आमच्या वर्ध्याला नवा नाही. १९३४मध्ये इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलघाणीवर काम केले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ हा कंदीलही तिथलाच. दिव्याला घाणीचे तेल चालते, आजच्या डिझेल इंजिनाला ते तसेच चालत नाही, आणि फिल्टरच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. घाणीचे तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट असते. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक वापरून त्यातले ग्लिसरीन वेगळे केले की जे पातळ इंधन उरते, ते बायोडिझेल. करंज, मोह, सरकी, खानावळीतले तळून उरलेले तेल, सगळ्यांपासून ते बनते. ही प्रक्रिया अर्धवट राहिली, किंवा तयार इंधन नीट धुतले नाही, तर साबण आणि ग्लिसरीन त्यात राहतात आणि फिल्टरचा कागद बुळबुळीत थराने बुजतो. असे इंधन वापरून दर महिन्याला फिल्टर बदलत बसण्यापेक्षा ते घेणेच थांबवावे. आयएस १५६०७ या मानकात बसणारे, पावतीसह मिळणारे बायोडिझेलच टाकीत जावे. रस्त्याकडेला टँकरमधून स्वस्तात मिळणाऱ्या तेलाला ‘बायोडिझेल’ म्हटले म्हणून ते बायोडिझेल होत नाही.

हंगामाचा परिणाम वर्धा जिल्ह्यात चांगलाच जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. वडे-भजी तळलेले तेल पुष्कळदा पामतेल असते, आणि पामतेलाचे शुद्ध बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागते. त्यातले मेणासारखे स्फटिक फिल्टरवर बसतात. पहाटे सेल मारला की गाडी चालू होते, थोडे अंतर जाते आणि गप्प होते. ऊन चढल्यावर तीच गाडी जणू काही झालेच नाही अशी धावते. हे लक्षण दिसले तर फिल्टर बदलून उपयोग नाही. हिवाळाभर डिझेलचे प्रमाण वाढवावे.

पावसाळ्याचे दुखणे पाण्याचे. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त ओलावा धरून ठेवते. मानकातही डिझेलला किलोमागे २०० मिलिग्रॅम पाण्याची, तर बायोडिझेलला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आत दव धरते, पाणी तळाला बसते आणि पाणी-इंधनाच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते. म्हणून पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा ढिला करून पाणी काढावे, टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा फिल्टर किलोमीटर न मोजता बदलावा.

फिल्टर तुंबत चालल्याची पहिली खूण गावातल्या रस्त्यावर दिसत नाही. चाळीसच्या वेगाला लागणारे इंधन अर्ध्या तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळते. तीच गाडी येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढली की ताकद कमी पडते, चढावर उचल खात नाही, झटके देते. सकाळी सेल जास्त वेळ मारावा लागणे हीदेखील तीच सूचना. इथपर्यंत आल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

काढलेला फिल्टर फेकण्याआधी करवतीने कापून उन्हात उघडा करून पाहावा. त्याइतका खरा अहवाल दुसरा नाही. कागदाच्या चुण्यांत काळी, चिकट राळ असेल तर टाकी अजून साफ होते आहे. आणखी एक फिल्टर लवकर जाणार. तांबूस पूड म्हणजे टाकीचा गंज. पांढरट, साबणासारखा लगदा इंधन कच्चे असल्याचे सांगतो, तर कुबट वासाची शेवाळी साय जिवाणू वाढल्याचे. रबराचे बारीक कण दिसले तर जुन्या नळ्या विरघळताहेत. साधे रबर शुद्ध बायोडिझेलला टिकत नाही, त्या नळ्या बदलून घ्याव्यात. कागद एकसारखा फिकट तपकिरी असला तर मुदत थोडी वाढवायला हरकत नाही.

नवा फिल्टर बसवल्यावर यंत्रणेतली हवा काढावी लागते. हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबावा. कॉमन रेल गाडीत फिल्टर कॅनमधल्या गाळ न काढलेल्या इंधनाने वरून भरू नये. बायोडिझेल सुरू केल्यापासून पहिले सहा महिने डिकीत एक जादा फिल्टर आणि तो खोलायचा पाना ठेवावा, आणि बदललेल्या प्रत्येक फिल्टरवर तारीख व मीटरचा आकडा मार्करने लिहावा.