मुलाचं मनगट मोडलं, तर ऑपरेशन कधी?

सायकलवरून पडताना मूल आधी हात टेकतं. सगळा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मनगटाजवळ मोडतं. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारं फ्रॅक्चर हेच. मुलींत ११-१२ आणि मुलग्यांत १३-१४ या वयाच्या आसपास त्याचं प्रमाण अधिक असतं, कारण त्या काळात उंची झपाट्याने वाढते, पण हाडात खनिजं त्या वेगाने भरत नाहीत.

एक्स-रेत वाकडं हाड दिसलं की पालकांना ऑपरेशन अटळ वाटतं. बहुतेक वेळा ते लागत नाही. लहान मुलाचं हाड ओल्या काडीसारखं एका बाजूला पिचतं, दुसऱ्या बाजूला नुसतं वाकतं. कधी ते फक्त चेपतं. अशा चेपलेल्या हाडाला मऊ पट्टीही पुरते. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत मऊ पट्टी आणि कडक आधार यांत वेदनेच्या बाबतीत फरक आढळला नाही.

हाड सरकलं असेल, तर भूल देऊन, चिरफाड न करता ते जागेवर बसवतात आणि प्लास्टर घालतात. थोडा बाक राहिला तरी डॉक्टर निवांत दिसतात, त्यालाही कारण आहे. रेडियसच्या लांबीतली ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे हाड वाढवणाऱ्या थरातून होते. त्यामुळे दहा वर्षांखालच्या मुलाचा वीसेक अंशांचा बाकही वाढीबरोबर सरळ होतो. पीळ मात्र आपोआप सुटत नाही आणि वाढ संपत आलेल्या मुलांना ही सवलत मिळत नाही.

हाड त्वचेबाहेर आलं, बसवूनही पुन्हा सरकलं, बसतच नाही किंवा नस दाबली गेली, तर ऑपरेशनचा विचार होतो. बहुधा त्वचेतून एक-दोन गुळगुळीत तारा हाडात घालतात. त्यांची टोकं बाहेर ठेवलेली असतात आणि साधारण चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच, बहुतेकदा भूल न देता काढतात. प्लेट-स्क्रू लागतात ते मुख्यतः मोठ्या मुलांना.

घरची जबाबदारी इथून सुरू होते. पहिले काही दिवस हात उशीवर उंच ठेवावा, बोटं हलवत राहावीत. प्लास्टर भिजू देऊ नये, खाज आली म्हणून आत फूटपट्टी किंवा सुई घालू नये. दुखणं वाढत गेलं, बोटं सरळ करताना मूल कळवळलं, बोटं बधिर, पांढरी किंवा निळी पडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. तारांजवळ पू झाला किंवा ताप आला तरी लगेच दाखवावं. प्लास्टर निघाल्यावर मनगट आखडलेलं असतं. रोजच्या वापराने ते सुटतं, मालिश करू नये. धसमुसळे खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

हाडवैद्याकडून घट्ट बांधून घेणं टाळा. रक्तपुरवठा तुटून हात गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ग्रोथ प्लेटला मार लागला असेल, तर हाड जुळल्यावरही सहा महिने ते वर्षभराने एक्स-रे काढून वाढ तपासावी लागते. हात बरा दिसतोय म्हणून ती फेरी चुकवू नका.