इंधनाचा भाव आणि वाहनाची निवड

दुकानात माल आणणे, गिऱ्हाइकाकडे तो पोचविणे, वसुलीसाठी गावोगाव फिरणे आणि सवड मिळताच कुटुंबासह यात्रेला जाणे, ही सारी कामे व्यापारी घरात पुष्कळदा एकच गाडी करीत असते. त्यामुळे इंधन महागले की त्याची झळ दुकानाच्या खात्याला आणि घरखर्चाला एकदमच लागते. मग दसरा-पाडव्याच्या सुमारास घरात चर्चा सुरू होते, की पुढील गाडी कोणत्या इंधनावर चालणारी घ्यावी? बहुतेक जण पंपावरील आजचा भाव पाहून निर्णय घेतात. गेल्या काही वर्षांचा अनुभव मात्र सांगतो, की एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलच्या दरावरील नियंत्रण उठविले. डिझेलवरील मात्र कायम ठेवले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. हे ३२ रुपयांचे अंतर पाहून अनेकांनी जादा किंमत मोजून डिझेलच्या मोटारी घेतल्या. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढविण्यास मुभा मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावरील नियंत्रणही संपले. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झाले. तेथील राज्य सरकारने वाढविलेल्या कराचा त्यात वाटा होता. त्याच वर्षी एप्रिलपासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बनविणेच थांबविले. महाराष्ट्रात डिझेल स्वस्तच राहिले, परंतु पूर्वीचे अंतर येथेही उरले नाही.

सीएनजीचेही तसेच. १ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यावरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि मुंबईत दर किलोला ६० रुपयांपर्यंत उतरला. पण जागतिक बाजारात वायू महागल्याने ऑगस्टपर्यंत तोच दर ८० रुपयांच्या पुढे गेला.

तात्पर्य असे, की दोन इंधनांतील अंतर सरकारच्या आणि जागतिक बाजाराच्या हाती असते. आपल्या हाती असतो तो आपल्या गाडीचा फेरा, म्हणजे वर्षाकाठी ती किती किलोमीटर धावते हा आकडा. निर्णयाचा पाया तोच असावा.

एक उदाहरण घेऊ. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर धावते असे धरल्यास किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. डिझेल ९० रुपये आणि लिटरला २० किलोमीटर धरल्यास साडेचार रुपये. बचत किलोमीटरमागे दोन रुपये. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ती रक्कम वसूल होण्यास ७५,००० किलोमीटर धावावे लागेल. रोज १०० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस फिरणाऱ्यास हे अडीच वर्षांत साधेल. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्यास सव्वासहा वर्षे लागतील.

येथे व्याज विसरून चालणार नाही. बँकेत वाहनकर्जाचे अर्ज पाहताना नेहमी जाणवे, की अर्जदार मासिक हप्ता विचारतो, एकूण व्याज क्वचितच. वरील दीड लाखावर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षीच सुमारे १३,५०० रुपये व्याज होते. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याची वार्षिक बचत २४,००० रुपयांची. तिच्यातील निम्म्याहून अधिक व्याजातच जाते. रोख पैसे भरले तरी तीच रक्कम धंद्यात फिरली असती, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

शिवाय काही खर्च पावतीवर दिसत नाहीत. सीएनजीची टाकी सामानाची जागा खाते. पंपावरील रांगेत चालकाचा वेळ जातो, आणि त्याचा पगार आपणच देतो. गोदामापासून ठरावीक दुकानांपर्यंत रोज तीच फेरी करणाऱ्या मालवाहू तीनचाकीस विजेचा पर्याय सोयीचा ठरू शकतो, कारण ती रात्री गोदामातच चार्ज होते. तेथेही बॅटरीची हमी किती वर्षांची व ती बदलण्यास किती खर्च, हे आधी लेखी घ्यावे.

वाचकांनी एवढेच करावे. नवी गाडी घेण्यापूर्वी तीन महिने जुन्या गाडीची वही ठेवावी. त्यात किलोमीटर, इंधन आणि दुरुस्तीची नोंद करावी. मग इंधनांतील अंतर निम्म्यावर आले असे मानून हिशेब पुन्हा मांडावा. तरीही महाग गाडी परवडत असेल, तर ती निःशंक घ्यावी. परवडत नसेल, तर साधी गाडी घेऊन उरलेले भांडवल धंद्यात ठेवणे अधिक हिताचे.