तिची पात कोण राखणार?

२०२५ च्या विम्बल्डनमध्ये पेत्रा क्वितोवा पहिल्याच फेरीत हरली. २०११ आणि २०१४ सालची ही विजेती. घरी वर्षही न भरलेलं बाळ, हातात आयोजकांनी दिलेलं वाइल्ड कार्ड आणि समोर दहावं मानांकन असलेली एमा नवारो. निकाल ६-३, ६-१. पुढच्याच आठवड्यात त्याच हिरवळीवर बेलिंडा बेन्चिच उपांत्य सामन्याला उतरली. तिची मुलगी सव्वा वर्षाची. मानांकन तिलाही नव्हतं, पण अठराव्या आणि सातव्या मानांकनाच्या खेळाडूंना घरी पाठवून ती तिथवर पोचली होती.

या दोघींमुळे जुना वाद पुन्हा पेटला. क्वितोवाकडे बोट दाखवून एक बाजू म्हणते की बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूला मानांकनाचं संरक्षण हवंच. दुसरी बाजू बेन्चिचचं नाव घेते आणि म्हणते, जिच्यात दम आहे ती मानांकनाशिवायही येतेच की! दोन्ही बाजू एकेक उदाहरण घेऊन भांडत आहेत. प्रश्न मात्र ड्रॉच्या कागदावर, म्हणजे कोण कुणाशी खेळणार या मांडणीत आहे, आणि तो नीट पाहिला तर उत्तरही तिथेच सापडतं.

पऱ्हे आणि मानांकन

हे लिहिताना आमच्या गोंदियात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे. आमगाव असो की अर्जुनी मोरगाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बायका वाकलेल्या दिसतात. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या सुटतात आणि एकेक रोप अंतर राखून चिखलात बसतं. टेनिसचं मानांकन समजून घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

'मानांकन' या शब्दाने आपली थोडी दिशाभूल केली आहे. त्यात मान आहे, त्यामुळे तो बहुमान वाटतो आणि 'तिने तो कमावला का' असा प्रश्न लगेच येतो. मूळ इंग्रजी शब्द 'सीडिंग' मात्र बियाण्यावरून आलेला आहे. जोमदार रोपं एकाच कोपऱ्यात दाटली तर एकमेकांना खातात, म्हणून ती शेतभर विखरून लावायची. तसेच बलवान खेळाडू ड्रॉमध्ये पसरायचे, म्हणजे पहिल्या दोन दिवसांतच ते एकमेकांना संपवणार नाहीत. मानांकन ही मुळात स्पर्धेची सोय आहे. खेळाडूला मिळणारा लाभ त्यातून ओघाने येतो.

आता हिशोब. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू आणि ३२ मानांकनं असतात. म्हणजे दर चार नावांच्या घरात एक मानांकित. उरलेल्या तिघींपैकी एकीची गाठ तिच्याशी पहिल्याच फेरीत पडते. बाकी दोघींतली जी जिंकेल तिच्यासमोर दुसऱ्या फेरीत बहुधा तीच उभी असते. मानांकित खेळाडूला मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत दुसरी मानांकित भेटत नाही. एका आकड्याने पडणारा हा फरक इतका मोठा आहे.

आणि हा आकडा येतो तो मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवरून. वर्ष उलटलं की जुने गुण गळतात. विम्बल्डन जिंकल्याचे २००० गुणसुद्धा. गरोदरपण, बाळंतपण आणि अंग पुन्हा ताळ्यावर येणं यात वर्ष सहज जातं. म्हणजे जगात पहिली असलेली बाईसुद्धा परतते तेव्हा तिची पाटी कोरी असते.

सेरेना आणि सिबुलकोवा

सेरेना विल्यम्सच्या बाबतीत हेच झालं. जानेवारी २०१७ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा ती गरोदर होती. सप्टेंबरात मुलगी झाली. तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, नंतर फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि सहा आठवडे अंथरुणात गेले. २०१८ च्या फ्रेंच ओपनने तिला मानांकन दिलं नाही. विम्बल्डनने जागतिक क्रमवारीत १८३ व्या असलेल्या सेरेनाला २५ वं मानांकन दिलं. ती अंतिम फेरीत पोचली आणि अँजेलिक केर्बरकडून हरली.

या गोष्टीचा दुसरा भाग लवकर विसरला जातो. त्या वेळी क्रमवारीत ३२ वी होती स्लोव्हाकियाची डॉमिनिका सिबुलकोवा. सेरेना आत आली तशी ती मानांकनाच्या बाहेर गेली. हा अन्याय आहे, असं तिने उघडपणे म्हटलं. मग बिनमानांकित खेळून तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिची तक्रार मला आजही रास्त वाटते. सेरेनाची जागा राखण्याची सगळी किंमत एकट्या सिबुलकोवाने मोजली.

त्या वर्षाअखेर महिला टेनिस संघटनेने, म्हणजे डब्ल्यूटीएने, नियम बदलला. बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांत बारा स्पर्धांपर्यंत आईला आपला जुना क्रमांक प्रवेशासाठी वापरता येतो. मानांकन मिळत नाही, पण जुना क्रमांक मानांकनाच्या तोडीचा असेल तर पहिल्या सामन्यात मानांकित प्रतिस्पर्धी येणार नाही अशी तजवीज आहे. ही हमी डब्ल्यूटीएच्या स्पर्धांपुरती. ग्रँड स्लॅमवाले मानांकनाचं आपलं आपण ठरवतात. मार्च २०२५ मध्ये संघटनेने बारा महिन्यांपर्यंतच्या पगारी रजेसाठी निधी उभारला. जूनमध्ये बीजांडं गोठवून ठेवण्यासारख्या उपचारांसाठी थांबणाऱ्यांनाही क्रमांकाचं संरक्षण दिलं. घरात यायचं दार आता बऱ्यापैकी उघडं आहे. आत बसायला कुठे मिळेल, एवढंच अजून नशिबावर आहे.

सानियाने काय दाखवलं

संरक्षित क्रमांकाचं मोल समजून घ्यायला सानिया मिर्झाकडे पाहावं. जन्म मुंबईचा, घडण हैदराबादची, २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. वजन उतरवत, सराव जमवत ती जानेवारी २०२० मध्ये होबार्टला परतली आणि युक्रेनच्या नादिया किचेनोकसोबत पहिल्याच स्पर्धेत विजेती झाली. दोघींना मानांकन नव्हतं. अंतिम सामन्यात दुसऱ्या मानांकनाच्या चिनी जोडीला त्यांनी ६-४, ६-४ असं हरवलं.

यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते टोकियो. सानियाचा संरक्षित क्रमांक ९ होता. ऑलिम्पिकच्या दुहेरीत पहिल्या दहांतल्या खेळाडूला थेट प्रवेश मिळतो आणि जोडीदार निवडता येते. सानियाने अंकिता रैनाला निवडलं. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडलेली अंकिता अशा रीतीने पहिलं ऑलिम्पिक खेळली. एका आईची राखलेली जागा दुसऱ्या मुलीला घेऊन आत गेली. जागा राखली की इतरांचं नुकसानच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आणि समोर कोण आलं? नादिया किचेनोक आणि तिची जुळी बहीण ल्युडमिला. पहिला सेट ६-० जिंकून, दुसऱ्यात विजयाच्या दारात पोचून, सानिया-अंकिता त्या बहिणींकडून हरल्या. संरक्षित क्रमांक प्रवेश देतो, विजय देत नाही. तो कुणी मागितलेलाही नाही.

आई आणि टेनिस ही जोडी महाराष्ट्राला नवी वाटू नये. पुण्यात १८९० मध्ये जन्मलेल्या पंडिता क्षमा राव यांना आपण संस्कृतात तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं लिहिणाऱ्या विदुषी म्हणून ओळखतो. त्या टेनिसही उत्तम खेळत. त्यांची लेक लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आईपण आणि रॅकेट एका घरात नांदल्याला आपल्याकडे नव्वद वर्षं उलटून गेली.

'मग दुखापतीचं काय?'

सर्वांत वजनदार आक्षेप हा. गुडघा मोडून वर्षभर बाहेर बसलेल्या खेळाडूलाही प्रवेशापुरता संरक्षित क्रमांक मिळतो, मानांकन नाही. मग आईला वेगळा न्याय का?

माझं उत्तर रॉजर फेडररच्या घरातलं आहे. २००९ मध्ये विम्बल्डन जिंकल्यावर त्याच महिन्यात त्याला जुळ्या मुली झाल्या. ऑगस्टमध्ये त्याने सिनसिनाटी जिंकली. मे २०१४ मध्ये जुळे मुलगे झाले, जुलैत तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होता. चार मुलांच्या बापाला बापपणासाठी क्रमवारीतलं वर्ष गमवावं लागलं नाही. गुडघा पुरुषाचाही मोडतो आणि बाईचाही. मूल मात्र बाईच्याच पोटी वाढतं, तेही नेमक्या ऐन उमेदीच्या वर्षांत. ज्या नुकसानीत फक्त एकाच बाजूची माणसं सापडतात, तिला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्याकडे हे तत्त्व मान्य झालेलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई १८० दिवसांची प्रसूती रजा घेऊन परततात तेव्हा ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव होतं तिथेच असतं. खासगी नोकरीत १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे मिळू लागले आणि त्या काळात कामावरून काढायला बंदी होती. पण या सगळ्यासाठी मालक लागतो. टेनिसपटूला मालक नाही. ती स्वतःच्या अंगावर कमावते, खेळली तर पैसा.

तशीच बांधीतली बाई. ठेक्याच्या रोवणीत जितकं लावलं तितकं मिळतं. तिच्या हाती येतात ते मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. टेनिसच्या ताऱ्यांची चिंता करताना तिला विसरलो तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. किंबहुना या वादाचं उत्तर मला तिच्याकडेच सापडलं.

ड्रॉ कसा मांडावा

रोवणीत ओळीने बायका उभ्या राहतात आणि मागे मागे सरकत लावत जातात. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे लावायची पट्टी. बांधावर मोहाच्या सावलीत झोळीत बाळ असतं. ते रडलं की आई हात धुऊन वर जाते. तेवढ्या वेळात डावी-उजवीकडच्या दोघी आपल्या पातीसोबत तिची पात थोडी थोडी पुढे नेतात. आई परतते तेव्हा ओळ मोडलेली नसते आणि तिची जागा रिकामी असते. तिच्यासाठी कुणा एकीला बांधीबाहेर काढलेलं मी कधी पाहिलं नाही.

२०१८ च्या विम्बल्डनने एकीला बाहेर काढलं. आज ग्रँड स्लॅममध्ये उलट टोक आहे, तिथे पात राखली जाईलच याची शाश्वती नाही. मधला मार्ग ड्रॉमध्येच आहे. ३२ मानांकनं ज्यांनी कमावली त्यांच्याकडेच राहू द्यावीत. परतलेल्या आईचा जुना क्रमांक पहिल्या ३२ मध्ये असेल तर तिला दोन गोष्टी द्याव्यात. पहिल्या फेरीत मानांकित प्रतिस्पर्धी नको. आणि चार नावांचं तिचं घर १७ ते ३२ यांपैकी एखाद्या मानांकनाचं असावं, कोणतं ते चिठ्ठीने ठरावं. मुदत संरक्षित क्रमांकाची आहे तेवढीच.

घर चुकलं की काय होतं ते २०२४ च्या फ्रेंच ओपनमध्ये दिसलं. तिथे नाओमी ओसाका दुसऱ्याच फेरीत अव्वल मानांकित इगा श्वियाँतेकसमोर आली. आई होऊन परतलेल्या ओसाकाकडे त्या सामन्यात मॅच पॉइंट होता. तो साधला असता तर पुढे विजेती ठरलेली श्वियाँतेक दुसऱ्या फेरीतच घरी गेली असती. म्हणजे चुकीच्या जागी लावलेलं जोमदार रोप शेजारच्या रोपालाही धोक्यात आणतं. संरक्षणाची गरज दोघींना होती.

खालच्या सोळा मानांकितांपैकी एखादीला दुसरी फेरी अवघड जाईल, हे खरं. पण तो भार सोळा जणींत चिठ्ठीने वाटला जाईल आणि कुणाचं मानांकन हिरावलं जाणार नाही. नियम पवित्र असतात असं म्हणणाऱ्यांनी विम्बल्डनचाच इतिहास पाहावा. २००० पर्यंत तिथे १६ मानांकनं असत, २००१ मध्ये ती ३२ केली. पुरुषांसाठी गवतावरच्या कामगिरीचं वेगळं सूत्र होतं, तेही २०२१ मध्ये काढलं. नियम माणसांनी केले आणि माणसांनीच बदलले.

क्वितोवाला याचा उपयोग झाला असता का? कदाचित नाही. परतल्यापासून ती बहुतेक सामने हरलीच होती आणि २०२५ च्या यूएस ओपननंतर ती थांबली. बेन्चिचला तर गरजच पडली नाही. पण नियम अशा एखाद्या विजेतीसाठी किंवा एखाद्या पराभवासाठी करायचा नसतो. तो करायचा त्या खेळाडूसाठी, जी आज सत्ताविसाव्या वर्षी मूल हवं की नको याचा विचार करताना मनातल्या मनात क्रमवारी मोजते आहे.

बांधीतल्या बायकांनी हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. बाळ रडतं, आई उठते, शेजारणींचे हात थोडे लांब होतात आणि रोवणी पुढे सरकत राहते.