सायकलवर संसार किती लादायचा?

बऱ्याच जणींनी विचारलंय, "ताई, सायकलवरून चार दिवस फिरायला जायचं तर सोबत काय न्यायचं?" आज तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गटातल्या आम्ही सहा जणी सोलापूरहून निघालो. तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट आणि परत सोलापूर, असा फेरा, तीन मुक्काम. सामान मात्र माहेरी महिनाभर राहायला निघाल्यासारखं भरलं. गोधड्या, छोटी गॅस शेगडी, पातेली, नायलॉनचे तंबू. आणि पाणी? प्रत्येकीकडे एक लिटरची बाटली! तुळजापूर 45 किलोमीटर, पण निघायलाच आठ वाजले. घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर. आमच्यातल्या एका काकूंना अंधारी आली, रस्त्याकडेला मटकन बसल्या. बाटल्या सगळ्यांच्या रिकाम्या. एका टेम्पोवाल्या दादांनी पाणी दिलं म्हणून निभावलं.

उन्हाळ्यात ओझं पाण्याचं घ्यायचं, हे तिथे कळलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माणशी चार लिटर धरा, चार किलो तिथेच झालं. ते कमी करता येत नाही, म्हणून बाकीचं कमी करायचं. घरची जाड गोधडी एकदा काट्यावर ठेवून बघा, दोन किलोच्या पुढे जाते. तिच्याऐवजी जुनं सुती लुगडं पांघरायला पुरतं. खाली फोमची गुंडाळता येणारी चटई. शेगडी नकोच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ घ्या, चहा टपरीवर मिळतो.

आता तंबू. आम्ही आडोसा हवा म्हणून बंद तंबू घेतले होते. आपल्याच श्वासाची वाफ आणि घाम आत कोंडला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. विकत घ्यायचाच असेल तर आतला भाग जाळीचा आणि वरचं आवरण वेगळं काढता येणारं, असा बघा. शिवाय तो स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा, शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीत खुंट्या कशा ठोकणार? माझं मत विचाराल तर चार नाड्यांची साधी मच्छरदाणी बरी. दोन नाड्या खिडकीच्या गजांना, दोन खांबांना. कडा चटईखाली नीट खोचायच्या, आपल्या भागात विंचू निघतात. आडोशाला दोरीवर एक साडी.

"उघड्यावर कसं झोपायचं गं?" असं सासूबाईंनी विचारलं. प्रश्न खराच आहे, हसण्यावारी नेऊ नका. म्हणून मुक्काम आधी फोनवर पक्का करायचा. भक्तनिवास, शाळा, नाहीतर तिथल्या बचत गटाच्या ताईंचं अंगण. जागा ओळखीची असली तरच सामान इतकं हलकं ठेवता येतं.

सामान पाठीवर घेऊ नका, पाठ घामाने भिजते आणि तोल जातो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या, जड वस्तू तळाशी. बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. फडक्यातलं पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता ओढून घेतं. ही युक्ती आपल्या कोरड्या हवेत चालते, कोकणात तेवढी नाही. साखर-मिठाची पुडी मात्र हवीच. लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे! हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान सगळ्यांत मिळून एक.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा गेलो. पहाटे साडेपाचला निघायचं, दहाला थांबायचं. पाणी सोडून माझं सामान सहा किलो भरलं. काकूही होत्या, घाटात त्या माझ्या पुढे. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महाल बघायला पाय उचलत होते, पहिल्या खेपेला तो बाहेरूनच राहिला होता.

मच्छरदाणी कशी बांधायची ते बघायचं असेल तर शनिवारी गटाच्या बैठकीला या. वजनकाटाही आणते, आपापली गोधडी घेऊन या.